डॉक्टर नाव का कळवतात?



शिमग्यानंतर पोलादपूरच्या एका वाडीत गटाची बैठक होती. हप्ते भरून बायका उठल्या, एक वहिनी मात्र मागे थांबली. हळूच म्हणाली, "ताई, ह्यांना टीबी निघालाय. शिमग्याला मुंबईहून आले ते खोकतच. महाडच्या खाजगी डॉक्टरांना मी हात जोडले, नाव कुठं कळवू नका, पोरीचं लग्न ठरायचंय. ते म्हणाले, कळवावंच लागतं. आता हे म्हणतात, त्या दवाखान्यात परत जायचंच नाही."

मैत्रिणींनो, डॉक्टरांचं बरोबर होतं. ७ मे २०१२ पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारी आरोग्य विभागाला कळवणं बंधनकारक आहे. दवाखाना सरकारी असो की खाजगी. २०१८ च्या आदेशात लॅब आणि टीबीची औषधं विकणारी मेडिकल दुकानंही आली. न कळवल्यास शिक्षेची तरतूद आहे.

का बरं? टीबी हवेतून पसरतो. एकाला झाला की घरातल्या सगळ्यांची, आधी लहान मुलांची तपासणी व्हायला हवी. नाव कळलं तरच आरोग्य कर्मचारी ती करू शकतात. औषध मध्येच सुटलं तर आजार जास्त हट्टी होतो, म्हणून ते पुरं होईपर्यंत विचारपूसही करतात. साधा टीबी साधारण सहा महिन्यांच्या औषधानं बरा होतो. सरकारी औषध मोफत मिळतं. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये मिळतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. नोंद आणि बँक खातं नसेल तर हे पैसे येणार कुठून?

ही नोंद ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागत नाही. ती आरोग्य विभागाकडे राहते. बोभाटा होतो तो पाणवठ्यावर, आणि तिथं आपणच असतो. तेव्हा गटात कुणी असं काही सांगितलं, तर ते गटाबाहेर जाऊ द्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनी-भाऊजींबरोबर दवाखान्यात गेले. मुलांची तपासणी झाली. भाऊजींच्या औषधाचा आता चौथा महिना आहे. लग्नाचं अजून ठरायचंय.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन कमी होणं, असं घरात कुणाला असेल तर आशाताईंना सांगा, थुंकी तपासून घ्या. मोफत माहितीसाठी फोन आहे १८००-११-६६६६. आणि डॉक्टरांनाच विचारा, "आमची नोंद केलीत ना?"