सुट्या भागांचे पारतंत्र्य
(नागरा, जि. गोंदिया येथील व्याख्यानाचा गोषवारा)

नागऱ्याच्या प्राचीन शिवमंदिराजवळ हेलिकॉप्टरचा विषय काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु वायुसेनेची यंत्रे उड्डाणक्षम ठेवणाऱ्या अनुरक्षण कमानचे मुख्यालय नागपुरात, आपल्या शेजारीच आहे.

1986 पासून आपण सोव्हिएत संघाकडून एमआय-26 ही अजस्र हेलिकॉप्टरे घेतली. संख्या अवघी चार, पण प्रत्येकाची क्षमता 20 टन भार उचलण्याची! 2013 च्या उत्तराखंड प्रलयात गौचरला इंधन पोहोचवले ते याच जातीच्या हेलिकॉप्टरने. 2010 मध्ये जम्मूत एक कोसळले. उरलेली मोठ्या दुरुस्तीच्या प्रतीक्षेत जमिनीवर खिळली.

असे का व्हावे? सांगाडा रशियातील रोस्तोवचा, इंजिन युक्रेनमधील झापोरिझ्झियाचे. खरेदीच्या वेळी तो एकच देश होता. 1991 मध्ये तो दुभंगला, 2014 नंतर दोघांत उघड वैर आले. देह एका घरी, हृदय दुसऱ्या घरी!

अमेरिकेचा अनुभव निराळा नाही. 1998 च्या पोखरण चाचण्यांनंतर तिने निर्बंध लादले आणि आपल्या नौदलाची ब्रिटिश बनावटीची सी किंग हेलिकॉप्टरेसुद्धा सुट्या भागांअभावी अडकली. 2019 मध्ये वायुसेनेत दाखल झालेले चिनूक उत्तम खरे. भार मात्र एमआय-26 च्या सुमारे निम्मा. खरेदीच्या दिवशी वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकतात, सुट्या भागांची चौकशी कोणी करीत नाही.

चिनूकचे काही भाग आता भारतात घडतात. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने 13 टन वर्गाच्या हेलिकॉप्टरचा प्रकल्प हाती घेतला आहे. त्याच्या इंजिनासाठी फ्रान्सची साफ्रान कंपनी भागीदार आहे. या भागीदारीत पात्यांचे धातुशास्त्र आपल्या अभियंत्यांच्या हाती किती येते, ते आपण विचारीत राहिले पाहिजे.