तबल्याचं कॉलेज शोधताना

(यंदाच्या गणेशोत्सवात पालकांसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



मला इथे बोलायला उभं केलंय याचं मलाच नवल वाटतंय. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत स्टोअरकीपर होतो. नट-बोल्ट मोजण्यात आयुष्य गेलं. संगीतातलं मला काही कळत नाही. पण सेक्रेटरी म्हणाले, "काका, ए विंगमधल्या एका मुलीला गाण्यात डिग्री करायची आहे, सी विंगमधल्या एका मुलाला सतारीत. त्यांच्या आईवडिलांनी विचारायचं कुणाला? तुमच्या मुलाने तबल्यात डिग्री घेतली, तुम्हीच बोला." म्हणून उभा आहे. संगीतावर बोलणार नाही. कॉलेज कसं शोधलं, पैसे कुठे बुडवले आणि कुठे वाचवले, तेवढंच सांगतो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, आमच्या तबल्याने या सोसायटीत एकदा चांगलंच वादळ उठवलं होतं. आम्ही बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर. तबल्याचा आवाज एक वेळ खिडकीतून निघून जातो, पण डग्ग्याचा घुमारा थेट स्लॅबमधून खाली उतरतो. आमच्या खाली राहणाऱ्या काकांनी वार्षिक सर्वसाधारण सभेत लेखी तक्रार दिली. ठराव झाला, संध्याकाळी सहा ते साडेसात एवढाच वेळ वाजवायचं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण ठराव पाळला.

२०१२ साली मुलगा कॉमर्समधून बारावी झाला. तोपर्यंत गांधर्वच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा झाल्या होत्या. त्याने एक दिवस जेवताना सांगितलं, "बाबा, मला तबल्यातच डिग्री करायची आहे." त्याच्या आदल्या वर्षी आमची कंपनी बंद पडली होती. व्हीआरएसचे जे काही मिळाले ते बँकेत, आणि घरात कमावतं कुणी नाही. मी म्हणालो, "तबल्याने पोट भरत नाही. बी.कॉम. कर, तबला रविवारी वाजव." तो काही बोलला नाही. ताटावरून उठला, तबल्यावर खोळ घातली आणि जोडी कपाटावर ठेवून दिली.

अकरा दिवस घरात आवाज नाही. बाराव्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात खालचे काका. म्हणाले, "पोरगा आजारी आहे का?" म्हटलं, नाही. "मग तबला का बंद?" मी काय झालं ते सांगितलं. काका दोन मिनिटं उभे राहिले आणि म्हणाले, "मी तक्रार वेळेबद्दल केली होती. वाजवू नको असं मी कधी म्हटलं?" एवढं बोलून जिना उतरून गेले. आज काका आपल्यात नाहीत. पण त्या दिवशी मी मुलाला हाक मारली आणि म्हणालो, "चल, कॉलेज शोधू. मात्र मला परवडेल असं."

आता पहिली चूक सांगतो. मी पेपरातली एक जाहिरात पाहून मुंबईतल्या एका खाजगी संस्थेत गेलो. एसी वर्ग, काचेचा स्टुडिओ, गुळगुळीत माहितीपत्रक. वर्षाची फी दोन लाख ऐंशी हजार. मी मनात हिशेब केला, व्हीआरएसचे पैसे संपतील, पण मुलाचं होईल. "जागा थोड्याच राहिल्यात" म्हणाले, म्हणून पंचवीस हजार भरून आलो. वाटलं होतं, जास्त फी म्हणजे चांगलं शिक्षण. दुकानात महाग चप्पल टिकते, तसंच हेही असेल.

त्याच आठवड्यात ए विंगच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई लिफ्टजवळ भेटल्या. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पदवी कुठलं विद्यापीठ देणार?" मी गप्प. घरी येऊन फोन केला. तिकडून उत्तर आलं, "सर, आमचा डिप्लोमा डिग्रीच्या तोडीचाच आहे." म्हटलं, तोडीचा म्हणजे काय ते लिहून द्या. लिहून काही आलं नाही आणि पंचवीस हजारही परत आले नाहीत. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे.

म्हणून मंडळी, पहिला प्रश्न बाईंचाच: पदवी कोण देणार? १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. अनेक घरांत समज असतो की विशारद झालं म्हणजे पदवीधर झालं. विशारदचा मान मोठाच आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ झालं, आणि आज गावोगावी मुलं या परीक्षा देतात. पण मंडळ हे विद्यापीठ नाही. काही ठिकाणी विशारद समकक्ष धरतात, काही ठिकाणी नाही. केंद्रीय विद्यालयांच्या संगीत शिक्षकाच्या जाहिरातीत बारावीबरोबर मान्यताप्राप्त विद्यापीठाची संगीतातली पदवी किंवा समकक्ष असं लिहिलेलं असतं. तेव्हा विशारद जरूर करा, पण नोकरीचा विचार असेल तर विद्यापीठाची पदवीही घ्या.

दुसरा प्रश्न मुलाच्या तबल्याच्या गुरुजींनी शिकवला. ते म्हणाले, "इमारत बघू नका. मुलाच्या समोर कोण बसणार, आठवड्यातून किती तास आणि एका वर्गात किती मुलं, ते विचारा." हे माहितीपत्रकात नसतं. त्यासाठी साध्या दिवशी जाऊन वर्गाबाहेर बसावं लागतं. मुलं स्वतः किती वाजवतात आणि किती वेळ नुसतं वहीत उतरवून घेतात, ते माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतं.

तिसरा प्रश्न, सगळा मिळून खर्च किती? फी हा त्यातला एक भाग. खोली, मेस, जाणं-येणं आणि वाद्य, हे सगळं धरा. तबल्याची पुडी फाटते, ती नवी चढवावी लागते. गाणाऱ्याला तानपुरा लागतो. हे हिशेबात नसेल तर दिवाळीला पैसे संपतात.

चौथा प्रश्न, रियाज कुठे करणार? वर्गात शिकणं दोन तास, बाकी हाताला सवय करणं. वसतिगृहात वाजवू देतात का, सकाळी खोली उघडी मिळते का, हे आधी विचारा. आपल्याकडे ठराव झाला होता, तिथे तर कुणी ओळखीचंही नसणार.

आता पर्याय सांगतो. मी सगळे एका वहीत लिहून काढले होते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, तिथे संगीत, नृत्य आणि नाट्य गुरुकुल पद्धतीने शिकवतात. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठ आहे, तिथल्या संगीत विभागाच्या डॉ. प्रभा अत्रे प्रमुख होत्या. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे. गोव्यात सरकारी संगीत महाविद्यालय आहे. लांब जायची तयारी असेल तर छत्तीसगडमध्ये खैरागढला १९५६ साली स्थापन झालेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, तिथल्या राजघराण्याने आपला राजवाडाच त्यासाठी दिला. बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं तेव्हा पंडित ओंकारनाथ ठाकूर त्याचे प्रमुख होते. ही नावं का सांगतो? कारण यातलं कुठलंही नाव मला पेपरातल्या जाहिरातीत दिसलं नव्हतं. सरकारी विद्यापीठं गुळगुळीत माहितीपत्रक काढत नाहीत, आपल्यालाच विचारत जावं लागतं. फी मात्र खाजगीच्या मानाने फारच कमी असते.

आम्ही शेवटी बडोद्याला गेलो. बोरिवलीहून सकाळची गाडी पकडली, दुपारी तिथे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी सूरसागर तलावासमोर आहे. १८८६ साली सयाजीराव गायकवाडांनी उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती गायनशाळा सुरू केली, तिचंच हे पुढचं रूप. १९१६ साली पंडित भातखंड्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली, तीही बडोद्यातच. हे मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. मी आपला गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे व्हरांड्यात बसून राहिलो. आत सहा-सात मुलं, समोर सर. एकाचा हात चुकला की सर थांबवायचे, त्याच्याकडून तेच पुन्हा वाजवून घ्यायचे. तासभर हेच चाललं होतं. बाहेर हातगाडीवर शेव-उसळ खाताना दोन मुलांना गाठलं आणि खोलीचं भाडं, मेसचे पैसे सगळं विचारून घेतलं. वहीत बेरीज केली. मुलाकडे बघितलं. त्याने काही खाल्लंच नव्हतं, बोटं टेबलावर चालली होती.

प्रवेशाच्या वेळी वाजवून दाखवावं लागलं, झालं. चार वर्षांचा सगळा खर्च, म्हणजे फी, खोली, जेवण, प्रवास आणि एक नवीन डग्गा, हा त्या खाजगी संस्थेच्या एका वर्षाच्या फीपेक्षा थोडाच जास्त आला. पहिले काही महिने गुजराती कळायचं नाही, फोनवर आवाज रडवेला असायचा. पुढे सरावला. बडोद्यात मराठी बोलणारी घरं पुष्कळ, सणावाराला कुणी ना कुणी जेवायला बोलवायचं.

पाचवा प्रश्न राहिला, आणि तुमच्या मनात तोच आधी असणार: पुढे काय? खरं सांगतो. मुलगा श्रीमंत झाला नाही. एका शाळेत संगीत शिक्षक आहे, शनिवार-रविवार साथीला जातो. पगार वेळेवर येतो, साथीचे पैसे कधी येतात, कधी येत नाहीत. त्याच्याबरोबरचा एक जण नेट देऊन प्राध्यापकीच्या मागे आहे, एकाने हे सोडून मोबाइलचं दुकान टाकलं. आकाशवाणीच्या ऑडिशनला डिग्री विचारत नाहीत, फक्त वाजवणं ऐकतात. म्हणजे डिग्रीने नोकरीचं दार उघडतं, कलाकार मात्र रियाजानेच होतो. दोन्हींची गल्लत करू नका.

ज्यांना माझ्यासारखी बी.कॉम.ची धास्ती आहे, त्यांच्यासाठी एक सोय झाली आहे. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली. एक कॉलेजात जाऊन, दुसरी मुक्त विद्यापीठातून करता येते. दोन्हींकडे नियम विचारून घ्या. शिवाय केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना पाच हजार, दोन वर्षं. ती सीसीआरटीमार्फत मिळते. स्पर्धा आहे, पण अर्ज करायला काय हरकत आहे?

शेवटचं आपल्या सोसायटीचं. मुलगा सुट्टीत घरी यायचा तेव्हा कमिटीने पंप रूमशेजारची रिकामी खोली त्याला रियाजाला दिली. ती द्यावी अशी सूचना सभेत कुणी मांडली, माहीत आहे? खालच्या काकांनी. इतिवृत्ताच्या वहीत सूचक म्हणून त्यांचंच नाव आहे, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. तक्रारीचा ठरावही त्याच वहीत आहे, थोडी मागची पानं उलटा.

त्या खोलीची चावी आता सेक्रेटरींकडे असते. गाणारी मुलगी आणि सतारवाला मुलगा, दोघांनी हक्काने मागून घ्या. त्यांच्या आईवडिलांनी कुठेही पैसे भरायच्या आधी एकदा आमच्याकडे चहाला या. माझी खर्चाची वही आहे, आणि ती पंचवीस हजारांची पावतीही आहे. दोन्ही दाखवतो.