रुग्णाचे समाधान कोणत्या मापाने मोजायचे?



सरकारी दवाखान्यातून बाहेर पडणाऱ्या रुग्णाला ‘मिळालेल्या सेवेने आपले समाधान झाले काय?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा होकारार्थी येते. शिक्षण आणि उत्पन्न कमी असलेल्यांचा होकार अधिक सहज असतो, असे सर्व देशांत नव्हे, पण पुष्कळ पाहण्यांत दिसून आले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ साली ‘मेरा अस्पताल’ हा उपक्रम सुरू करून रुग्णांची मते दूरध्वनी व संदेशांद्वारे गोळा करण्यास आरंभ केला. रुग्णाला कोणी काही विचारते आहे, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु अशा विचारपूशीतून निघणारा आकडा सेवेचा दर्जा सांगतो, की विचारलेल्या माणसाची सामाजिक स्थिती सांगतो, याचा निवाडा केल्याखेरीज तो आकडा हाती घेणे धोक्याचे आहे.

या प्रश्नावर प्रकाश टाकणारी एक जुनी पाहणी बंगालमधली आहे. १९४३ च्या भीषण दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेने सिंगूर येथे विधुर आणि विधवा यांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारले. विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे असे सांगितले. विधवांमध्ये हे प्रमाण अवघे २.५ टक्के भरले. बंगालातील विधवेची त्या काळची दशा ज्याला ठाऊक आहे, तो या आकड्यावरून विधवा अधिक निरोगी होत्या असा निष्कर्ष काढणार नाही. अमर्त्य सेन यांनी या पाहणीचा दाखला देऊन अर्थशास्त्रज्ञांना बजावले की, माणसाच्या सुखाची मोजदाद केवळ त्याच्या समाधानावरून केली, तर ज्याने आशाच सोडली आहे तो सर्वांत सुखी ठरेल.

हे बंगालचे आणि जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल. आपल्या गडचिरोलीकडे पाहू. डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक वा अनेक व्याधी होत्या. तक्रार सांगणाऱ्या मात्र ५५ निघाल्या आणि यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या होत्या केवळ ८. व्याधी असूनही ज्यांची काही तक्रार नव्हती, त्यांना आरोग्यसेवेबद्दल विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते? कंबर दुखणे, अंगावरून जाणे हे बाईच्या जन्माला लागलेलेच आहे, अशी ज्यांची लहानपणापासून समजूत करून दिलेली असते, त्या उपचार न मिळाल्याबद्दल नाराज तरी कशा होणार? नाराजीसाठीही आधी हक्काची कल्पना असावी लागते.

केरळचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. आयुर्मानात ते राज्य देशात अग्रभागी, आणि पाहणी करणाऱ्याला ‘आपण आजारी आहोत’ असे सांगणाऱ्यांचे प्रमाणही तेथेच मोठे. बिहारात आयुर्मान कमी आणि आजाराची वाच्यताही कमी. साक्षरता आणि दवाखान्याची जवळीक माणसाला केवळ बरे करीत नाहीत, तर आपल्याला काय होते आहे आणि काय मिळायला हवे, हे ओळखायलाही शिकवतात. केरळातील तक्रार हे तेथील आरोग्यव्यवस्थेचे अपयश मानणे म्हणजे थर्मामीटर फोडून ताप उतरला म्हणण्यासारखे होईल.

गरिबाच्या होकारात आणखी एक भाग असतो, तो भीडेचा. ज्या परिचारिकेकडे उद्या पुन्हा जायचे आहे, तिच्याबद्दल कागदावर कोण वाईट सांगेल? त्यात रुग्ण कोरकू किंवा पावरी बोलणारा आणि विचारणारा प्रमाण मराठीत बोलणारा असेल, तर ‘हो’ म्हणून मोकळे होणे हाच सुटकेचा मार्ग ठरतो. तीन तास रांगेत उभे राहिल्यावर केसपेपर निघाला, कोणी वसकन अंगावर आले नाही, एक सुई टोचली गेली, एवढ्यावर मजूर समाधानाने घरी परततो. खाजगी डॉक्टराने गरज नसता लावलेल्या सलाईनचेही त्याला समाधानच वाटते. दिल्लीत जिश्नु दास व जेफ्री हॅमर यांनी डॉक्टरांचे काम प्रत्यक्ष बसून पाहिले, तेव्हा एका रुग्णाच्या वाट्याला सरासरी चार मिनिटेही येत नव्हती. आणि गरीब वस्त्यांतील डॉक्टर अधिक कच्चे असून, जे त्यांना ठाऊक होते तेही ते पुरतेपणी करीत नव्हते. वेल्समधील खाणकामगारांचे डॉक्टर ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली मांडलेला नियम हाच आहे: जेथे गरज अधिक तेथे चांगली सेवा कमी, आणि बाजाराला मोकळीक जितकी जास्त तितका हा व्यस्तपणा तीव्र.

श्रीमंताचे समाधानही काही प्रमाण मानावे असे नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९–२१ मध्ये खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. यांतल्या अनावश्यक शस्त्रक्रियांची बिले किती संतुष्ट मनाने चुकती झाली असतील!

दोघांतला खरा भेद निराळा आहे. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली दाखवून दिले की, असंतुष्ट माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणे किंवा आवाज उठवणे. मध्यमवर्गाने सरकारी रुग्णालय केव्हाच सोडले, आणि जाताना आपला आवाजही बरोबर नेला. २०१७–१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत प्रसूती वगळता रुग्णालयात एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी ठिकाणी ४,४५२ रुपये, तर खाजगीत ३१,८४५ रुपये आढळला. ज्याच्यापाशी हा फरक भरून काढण्याची ऐपत नाही, तो मागे उरतो. मागे उरलेल्यांना समाधानाबद्दल विचारायचे आणि आलेला होकार अंदाजपत्रकात कपात करण्यास आधार म्हणून वापरायचा, हा उघड अन्याय आहे. १९४६ सालीच भोर समितीने सांगून ठेवले होते की, पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही पुरेशा उपचारास मुकता कामा नये. त्यात समाधानाची अट नव्हती.

आता एक आक्षेप आपल्याच वर्तुळातून येतो. गरिबाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, त्याचे हित त्याच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते, ही वृत्ती लोकशाही समाजवादात कशी बसते? आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मात्र दोष रुग्णाच्या उत्तरात नसून प्रश्नात आहे. ‘समाधान झाले काय?’ असे विचारले की तो आपल्या अपेक्षेशी ताडून पाहतो. ‘औषध बाहेरून आणायला सांगितले काय? पैसे मागितले काय? या महिन्यात परिचारिका वस्तीवर किती वेळा आली?’ असे विचारले की तो घडलेले सांगतो, आणि घडलेले सांगण्यात त्याच्याइतका जाणकार दुसरा कोणी नाही.

महाराष्ट्रात २००७ सालापासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेखीचा जो प्रयोग झाला, त्यात हेच केले गेले. गावकऱ्यांनी एकत्र बसून एकेका सेवेची नोंद केली, ती गावच्या आरोग्यपत्रकावर चढवली आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडली. दवाखान्याच्या दारात एकट्याने ‘सगळे ठीक आहे’ म्हणणारा माणूस गावाबरोबर उभा राहिला की, लिहून दिलेली चिठ्ठी आणि बाहेरच्या दुकानाची पावती घेऊन बोलू लागतो. काही केंद्रांत औषधे बाहेरून आणायला सांगण्याची प्रथा त्यामुळे थांबली. आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात असे पत्रक कधी भरले गेले काय, त्याची अखेरची जनसुनवाई कोणत्या साली झाली, याची चौकशी या शिबिरातून परतल्यावर प्रत्येक शाखेला पहिल्याच आठवड्यात करता येईल.