डॉक्टरांनाही ‘चार्ज’ घ्यायला शिकवा
(गतवर्षीच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, डब्यांची देखभाल करणारा इंजिनियर आहे. तेव्हा ‘डॉक्टरांनी काय शिकावे हे सांगणारा हा कोण?’ असे आपल्याला वाटेल. त्याचे कारण सांगतो.

आईच्या मोतीबिंदूसाठी आम्ही मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात गेलो होतो. गर्दी स्टेशनासारखी, पण गोंधळ नाही. पुढे कुठे जायचे हे प्रत्येक ठिकाणी सांगायला कोणीतरी होते. डॉक्टर एका रुग्णाची शस्त्रक्रिया करीत असतात, तेव्हा शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार असतो. मला आमची पिट लाइन आठवली.

हे रुग्णालय डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी अवघ्या ११ खाटांवर सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती. तरी त्यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या. पण एका माणसाचे हात किती पुरणार? म्हणून त्यांनी खेड्यापाड्यांतील मुलींना प्रशिक्षण दिले, कामाची वाटणी केली, आणि पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत उपचार केले. १९९२ साली तिथे ‘लायको’ ही प्रशिक्षण संस्था निघाली. रुग्णालय कसे चालवावे, हे बाहेरचे डॉक्टर तिथे येऊन शिकतात. म्हणजे ही विद्या शिकवता येते!

आता आपल्याकडचे नेहमीचे चित्र पाहा. सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी निकष आहे. तिथे पंचविशीतला एमबीबीएस मुलगा वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू होतो. हाताखाली आईच्या वयाच्या परिचारिका, आरोग्यसेविका. औषधसाठा, हजेरी, खर्च, तक्रारी, सारे त्याच्याच सहीने. नाडी बघायला तो शिकलेला असतो. माणसे सांभाळायला त्याला कोणी शिकवले?

मला पहिल्यांदा गँगचा चार्ज मिळाला तेव्हा एअर ब्रेक तोंडपाठ होता, माणसे कळत नव्हती. एका जुन्या फिटरने सांगितलेली अडचण मी कानाआड केली आणि रेक उशिरा निघाला. आमच्याकडे गाडी लेट होते, दवाखान्यात माणूस जातो.

कोणी म्हणतात, डॉक्टरांनी रोगी तपासावेत, कारभार मॅनेजर बघतील. पण कोणाला आधी घ्यायचे, कोणते औषध संपू द्यायचे नाही, हे निर्णय वैद्यकीयच आहेत. तिथे डॉक्टरचाच शब्द चालतो.

२०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत. ‘आरोग्य पथकाचा नेता आणि सदस्य’ ही त्यातलीच एक. ‘सदस्य’ हा शब्द मला फार आवडला. ज्याला ऐकता येते, त्यालाच पुढे होता येते. पण हे वर्गात बसून येणार नाही. इंटर्नशिपमध्ये काही दिवस औषधांच्या स्टोअरमध्ये, काही दिवस मेट्रनबरोबर घालवायला हवेत. आणि रुग्णालयाची खुर्ची नुसत्या सीनियॉरिटीने मिळू नये. आधी प्रशिक्षण, मग चार्ज.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज मेडिकलला आहेत. त्यांना मार्क जरूर विचारा. पण वॉर्डातल्या मावशींचे नाव ठाऊक आहे का, हेही एकदा विचारा.