हात हवेत, माणूस नको



पूर्वग्रह अज्ञानातून जन्मतो आणि ओळख वाढली की आपोआप विरतो, असा एक सुखद समज सुशिक्षितांत रूढ आहे. अमेरिकेतील सोमाली निर्वासितांची गेल्या तीन दशकांची कहाणी तपासली, तर हा समज अर्धाच खरा ठरतो. शेजारी राहून, एकाच पट्ट्यावर काम करूनही पूर्वग्रह टिकतो. कारण त्यात कोणाचा तरी फायदा गुंतलेला असतो.

जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट कोसळली आणि सोमालियातील यादवीने भीषण रूप घेतले. लाखो लोक देशोधडीला लागले. केनियातील दादाबच्या छावण्यांत कित्येकांची उमेदीची वर्षे सरली. जे अमेरिकेत पोहोचले, त्यांतील पुष्कळांनी मिनेसोटा राज्याची वाट धरली. मिनिआपोलिसमधील सीडर-रिव्हरसाइड ही वस्ती त्यांचे माहेरघर बनली. नेब्रास्का, कॅन्सस, कोलोरॅडो या राज्यांतील मांसाच्या कारखान्यांतही ते गेले. थंडी, रक्त, धारदार सुरी आणि वेगाने सरकणारा पट्टा असे ते काम. इंग्रजी न येणाऱ्यालाही ते मिळे, कारण मालकाला हात हवे होते. पण हातांबरोबर माणूस येतो. त्याची भाषा येते, बायकामुले येतात आणि त्याचा देवही येतो. तंटा तेथून सुरू झाला.

मेन राज्यातील ल्युइस्टन हे कापडगिरण्या बंद पडल्याने खंगलेले शहर. २००१ पासून तेथे सोमाली कुटुंबे येऊ लागली. ऑक्टोबर २००२ मध्ये महापौरांनी त्यांना अनावृत पत्र लिहून सांगितले की, शहराची शक्ती संपत आली आहे, तेव्हा आणखी आप्तेष्टांना येऊ देऊ नका. गोऱ्या वंशश्रेष्ठत्ववाद्यांना एवढी संधी पुरेशी होती. जानेवारी २००३ मध्ये त्यांनी तेथे सभा घेतली. तिला जेमतेम तीसेक माणसे जमली आणि त्याच दिवशी विरोधी सभेला चार हजारांवर नागरिक लोटले. ल्युइस्टनच्या गिरण्या चालवल्या होत्या त्या फ्रेंच भाषिक कॅथलिक स्थलांतरितांनी. १९२०च्या दशकात याच राज्यात कू क्लक्स क्लॅनने त्यांच्याविरुद्धही असाच विखार पसरवला होता. उपरा बदलतो; आरोपांची यादी मात्र जुनीच राहते.

सगळीकडे शेवट इतका बरा झाला नाही. कॅन्ससमधील गार्डन सिटी येथे सोमाली कामगारांची वस्ती आणि तेथील प्रार्थनास्थळ उडवून देण्याचा तिघांचा कट ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस आला. ऑगस्ट २०१७ मध्ये मिनेसोटातील ब्लूमिंग्टन येथील मशिदीवर बॉम्ब टाकला गेला. आणि द्वेषाला सरकारी शिक्काही मिळाला. जानेवारी २०१७ मध्ये ज्या सात देशांच्या नागरिकांना अमेरिकेत प्रवेशबंदी झाली, त्यांत सोमालिया होता. ती बंदी २०२१ मध्ये उठली. पण जून २०२५ मध्ये नव्या यादीत सोमालियाचे नाव पुन्हा आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रंप यांनी सोमाली स्थलांतरितांना उद्देशून ‘कचरा’ हा शब्द वापरला.

अशा वेळी अल्पसंख्याकांपुढे नेहमीच दोन वाटा ठेवल्या जातात. एक, मान खाली घालून गप्प बसण्याची. दुसरी, प्रत्येक गुन्ह्यानंतर निष्ठेचा दाखला सादर करण्याची. २००७ नंतर मिनेसोटातील काही तरुण अल-शबाबमध्ये सामील झाले, हे खरे. महासाथीच्या काळात मुलांच्या भोजननिधीत प्रचंड अपहार झाला आणि त्यातील बहुसंख्य आरोपी सोमाली वंशाचे होते, हेही खरे. ते झाकण्याचे कारण नाही. गुन्हेगारास शिक्षा झालीच पाहिजे. परंतु त्या प्रकरणात मार्च २०२५ मध्ये प्रमुख म्हणून दोषी ठरलेली संस्थाचालिका गोरी होती. तिच्याबद्दल साऱ्या गोऱ्या समाजाला जाब द्यावा लागला नाही. बहुसंख्याकांचा गुन्हा व्यक्तीचा मानायचा आणि अल्पसंख्याकांचा गुन्हा जमातीचा, हेच पूर्वग्रहाचे मूळ अंकगणित होय. दाखले देऊन ते सुटत नाही.

सोमाली श्रमिकांनी तिसरी वाट शोधली. ती एका दिवसात सापडली नाही. २००८ च्या रमजानमध्ये नेब्रास्कातील ग्रँड आयलंड आणि कोलोरॅडोतील ग्रीली येथील मांस-कारखान्यांत सूर्यास्ताच्या नमाजासाठी सुटी मिळावी म्हणून ते कामावरून उठले. पुष्कळांच्या नोकऱ्या गेल्या. ग्रँड आयलंडला तर ‘यांनाच सवलत का?’ म्हणून इतर कामगारच विरोधात उतरले. पट्ट्याचा वेग ठरवणारा मालक बाजूला राहिला आणि दमलेले कामगार दहा मिनिटांवरून एकमेकांशी भांडले. डिसेंबर २०१५ मध्ये कोलोरॅडोतीलच फोर्ट मॉर्गन येथे असाच वाद होऊन शंभरावर कामगारांना काढण्यात आले. तेथे कायद्याची लढाई झाली आणि २०१८ मध्ये कंपनीला पंधरा लाख डॉलर मोजावे लागले.

पुढचे पाऊल मिनेसोटातील शाकोपी येथे पडले. अ‍ॅमेझॉन कंपनीच्या तेथील गोदामात सोमाली स्त्री-पुरुष मोठ्या संख्येने राबत. नमाजाला जागा होती; पण तासाला अमुक इतक्या वस्तू उचलण्याचे बंधन असताना नमाजाला गेलेला वेळ भरून कसा काढायचा, हा प्रश्न होता. तो केवळ मुसलमानाचा नव्हता. पाठ मोडलेल्या, पाणी प्यायला उसंत नसलेल्या प्रत्येकाचा होता. ‘आवूद’ या केंद्राच्या आधाराने ते संघटित झाले. स्त्रिया आघाडीवर होत्या. २०१८ मध्ये कंपनीला त्यांच्याशी बोलणी करावी लागली आणि जुलै २०१९ मध्ये ऐन विक्रीमहोत्सवाच्या दिवशी काहींनी काम थांबवले. संख्येने तो संप लहान होता, पण त्याची मागणी सर्वांची होती. मतपेटीचाही मार्ग त्यांनी सोडला नाही. याच समाजातील इल्हान ओमर २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या आणि सभागृहात डोके झाकण्यास मनाई करणारा १८१ वर्षांचा नियम त्यांच्यासाठी बदलावा लागला.

२०२३ मध्ये मिनेसोटाने मोठ्या गोदामांसाठी कायदा केला. कामाचे प्रमाण कामगाराला त्याच्या भाषेत लेखी कळवले पाहिजे आणि जेवण, विश्रांती, प्रार्थना वा स्वच्छतागृह यांच्या आड येणारे प्रमाण लादता कामा नये, असे तो सांगतो. नमाजासाठी झगडणाऱ्यांमुळे नमाज न पढणाऱ्यालाही श्वास घेण्याची मुभा मिळाली.

या कायद्याने द्वेष संपला नाही. २०२५ ने ते कठोरपणे दाखवून दिले. तरीही एक गोष्ट सिद्ध झाली. ‘आम्हाला सहन करा’ अशी विनवणी करणारा अल्पसंख्याक दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो. ‘हा हक्क तुमचाही आहे’ असे म्हणणारा मात्र सोबती मिळवतो. त्या कलमात प्रार्थना आणि स्वच्छतागृह शेजारी-शेजारी बसली आहेत. धर्ममार्तंडांना हा शेजार कदाचित रुचणार नाही, मालकांना तर नाहीच. पण हातांबरोबर माणूसही येतो, हे कायद्याच्या भाषेत मान्य करण्याची याहून साधी रीत दुसरी नाही.