मुलीला पुण्याला पाठवावे का?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी बाहेरच्या कुणी विदुषी व्याख्यानाला येतात. यंदा "आपल्यापैकीच कुणीतरी बोलावे" असे ठरले, आणि चिटणीसबाईंनी माझे नाव पुढे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर सांगलीचे, सासर साताऱ्याचे. कृष्णेचे पाणी दोन्हीकडे प्यायले आहे, एवढीच माझी पदवी. तेव्हा काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय मी आपल्या आळीतूनच उचलला आहे. बारावीचा निकाल लागला तेव्हा आपल्या दोन मुली चांगल्या गुणांनी पास झाल्या. दोघींनाही पुण्यात प्रवेश मिळत होता. एकीच्या घरी ठरले की नको. "पेपरात रोज काय येते, वाचता ना?" असे म्हणून तिचे कागद कपाटात गेले. दुसरी मुलगी माझी. आमच्याही घरात पंधरा दिवस हीच चर्चा. सासूबाई म्हणाल्या, शहर वाईट. भाऊजी म्हणाले, काळ वाईट. आमचे हे काहीच बोलेनात. मुलगी मात्र म्हणाली, "आई, शहर वाईट म्हणजे किती वाईट, ते बघू तरी." मग ती मोबाईलवर सरकारी अहवाल वाचून दाखवी, आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐके. त्यातून मला जे उमगले तेच आज आपल्यापुढे ठेवते.

दिल्लीला केंद्रीय गृहखात्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आहे. देशभर किती गुन्हे नोंदले गेले याचे पुस्तक तो काढतो. ही प्रथा १९५३ पासूनची. त्यात नुसता आकडा नसतो, दर लाख वस्तीमागे किती, असा हिशेब असतो. हा हिशेब आपल्याला समजायला अवघड नाही. हजार पानांच्या पंगतीत दहा वाट्या सांडल्या आणि पन्नास पानांच्या पंगतीत दोन सांडल्या, तर सांडलवंड कुठे जास्त? पन्नासांच्या. पुण्याच्या बातम्या जास्त दिसतात, कारण पुण्याची पंगतच मोठी आहे.

आता २०२३ सालचा हिशेब ऐका. वीस लाखांवर वस्तीची एकोणीस शहरे त्यांनी घेतली. दखलपात्र गुन्हे, म्हणजे ज्यांत पोलीस वॉरंटावाचून अटक करू शकतात असे गुन्हे, सर्वांत कमी कोलकात्यात, लाखामागे ८३.९. त्यानंतर हैदराबाद ३३२.३, आणि तिसरे आपले पुणे ३३७.१. मुंबई ३५५.४. दिल्लीचा आकडा २१०५.३. म्हणजे ज्या पुण्याच्या नावाने आपण मुलींचे कागद कपाटात ठेवतो, ते या यादीत खालून तिसरे आहे. शिवाय शहरांचा हा दर काढताना लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरलेली आहे. तेव्हापासून पुणे किती वाढले ते आपण हडपसर-वाकडला नातेवाइकांकडे जातो तेव्हा पाहतोच.

पण भगिनींनो, हे ऐकून "पुणे अगदी निर्धोक आहे" असे म्हणून कुणी घरी जाऊ नये. पुण्याचाच दर २०२२ मध्ये २८०.७ होता, तो एका वर्षात वाढला. कोयते घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या खोट्या नाहीत. आणि २५ फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट तर आपण कुणीच विसरलेलो नाही. फलटणला यायला निघालेल्या एका तरुणीवर पहाटे स्वारगेट आगारात, उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. फलटण म्हणजे आपलाच जिल्हा, आणि स्वारगेटचा तो फलाट आपल्या सर्वांच्या पायाखालचा. त्या दिवशी आपल्या किती घरांत चहा तसाच निवून गेला असेल!

आता या यादीतली दुसरी गंमत सांगते. सर्वांत वर कोणते शहर आहे? केरळातले कोची, लाखामागे ३१९२.४. म्हणजे कोलकात्याच्या अडतीसपट. मग कोचीत कोलकात्याच्या अडतीसपट चोर राहतात असे समजायचे का? तसे नाही. केरळात लोक ठाण्यात जातात आणि ठाण्यात लिहून घेतले जाते, असे जाणकार सांगतात. तो विभाग स्वतःच अहवालात बजावतो की गुन्हे वाढणे वेगळे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे वेगळे. आकडा कमी असला तर गुन्हे कमी असतील, किंवा सांगणारी माणसे कमी असतील. पुण्याचा कमी आकडादेखील याच चाळणीतून चाळून घ्यायला हवा. ज्या घरात डब्यातली साखर कुणी मोजतच नाही, त्या घरात साखर कधी चोरीला जात नाही!

म्हणून मला वाटते, आपण आपल्या गावाकडेही पाहावे. "आपल्याकडे असले काही होत नाही" हे वाक्य आपण सहज बोलतो. होत नाही, की लिहिले जात नाही?

२०२३ मध्ये देशभरात स्त्रियांवरील गुन्ह्यांची ४,४८,२११ प्रकरणे नोंदली गेली. त्यांतला सर्वांत मोठा भाग कोणता, तर नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचा. १,३३,६७६ प्रकरणे, म्हणजे शंभरात जवळजवळ तीस. आणि बलात्काराच्या प्रकरणांत आरोपी शंभरात पंच्याण्णवांहून अधिक वेळा ओळखीचाच निघतो. शेजारचा, नात्यातला, मैत्री सांगणारा, नोकरी देणारा. अंधाऱ्या रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची आपण मुलींना रोज भीती घालतो. ओळखीच्या माणसाबद्दल मात्र त्यांना काहीच सांगत नाही, उलट "काकांना नमस्कार कर" म्हणून पुढे करतो.

हे झाले नोंदलेले. न नोंदलेले किती? २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर जाऊन कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत विवाहित झालेल्या स्त्रियांपैकी शंभरात सुमारे २९ जणींनी सांगितले की नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती सोसली आहे. आणि शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाची तरी मदत मागितली ती फक्त शंभरात १४ जणींनी. बाकीच्या न्हाणीघरात घसरून पडल्या, दार लागले, कपाट लागले. ही न्हाणीघरे, ही दारे पुण्यातच आहेत असे नाही. हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या हातांत बांगड्या पाहतो, तेव्हा बांगडीच्या वरचा निळा वळही दिसतोच.

आणि आता तर चोराला आपल्या गावी येण्याचीही गरज उरलेली नाही. फोनवर पोलिसाचा वेष करून बसतो, "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" म्हणतो, आणि म्हातारा-म्हातारीची आयुष्याची पुंजी नेतो. ध्यानात ठेवा, कायद्यात अशी फोनवरची अटक नाही. तसा फोन आला तर बंद करावा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर सांगावे. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

काही भगिनी म्हणतील, सांगून उपयोग काय? ठाण्याची पायरी चढून बाईचीच शोभा होते. ही शंका खोटी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणलाच एका सरकारी डॉक्टर तरुणीने आपला जीव दिला. तळहातावर तिने जे लिहून ठेवले होते त्यात आरोप एका पोलीस अधिकाऱ्यावर होता. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण शिकलेली, कमावती, हुद्द्यावरची मुलगी इतकी एकटी पडली, याने माझ्या पोटात खड्डा पडला.

परंतु स्वारगेटची हकीकतही पाहा. ती मुलगी गप्प बसली असती तर? तिने मैत्रिणीला फोनवर सांगितले, आणि त्याच दिवशी ठाणे गाठले. पोलिसांनी ड्रोन लावले, गुनाट गावाची माणसे रानात उतरली, आणि तीन दिवसांच्या आत संशयित पकडला गेला. मग आगारातले सुरक्षारक्षक बदलले, भंगार गाड्यांचा प्रश्न निघाला, राज्यभरच्या आगारांची तपासणी करण्याचे आदेश सुटले. एका मुलीने तोंड उघडले म्हणून हे झाले. तिच्या मैत्रिणीचाही यात वाटा आहे, कारण तिने ऐकून घेतले.

आपल्या मुलखाला हे नवे नाही. पूर्वी सातारा आणि सांगली एकच जिल्हा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. त्या एका जिल्ह्यात १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. ते आपण इंग्रजांविरुद्धचा लढा म्हणून शिकतो. पण त्या वेळी गावोगाव दरोडेखोरांनी लोक गांजले होते, त्यांचाही बंदोबस्त प्रतिसरकारने केला. बायकोला टाकून देणारे, बाईवर हात टाकणारे, यांच्याही तक्रारी त्यांच्या न्यायमंडळांपुढे येत. पायांवर मार देण्याची त्यांची शिक्षा आज कुणी देऊ नये. आज कायदा आहे, न्यायालय आहे. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. लोक तक्रार घेऊन गेले, कारण आपले ऐकणारे कुणीतरी आहे असा त्यांना भरवसा होता.

तो भरवसा आज काही अंशी कायद्यानेही दिला आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. गुन्हा कुठेही घडो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. "आमच्या हद्दीत येत नाही" असे सांगून परत पाठवता येत नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. फिर्याद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते. बाईवरील अत्याचाराचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. साक्षीदार म्हणून बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी यायचे असते. तातडीच्या वेळी ११२, स्त्रियांच्या मदतीसाठी १८१, मुलांसाठी १०९८. हे आकडे आरतीसारखे पाठ असावेत.

आता माझ्या घरचे सांगते. मुलीला आम्ही पुण्याला पाठवली. पाठवताना सासूबाईंनी देवापुढे नारळ ठेवला, मी तिच्या पिशवीत मेतकूट आणि चटणीचे डबे भरले, आणि ह्यांनी तिला एवढेच सांगितले, "काहीही झाले तर आधी घरी फोन कर. चूक कुणाची ते मागून बघू." माझ्या मते त्या वाक्याइतके बळ कोणत्याही कुलपात नाही. मुलगी घरी सांगत नाही ती बहुतेक भीतीने, की कळले तर शिक्षण बंद करतील. आपणच मुलीचे तोंड बंद करतो आणि मग म्हणतो, शहर वाईट.

आपल्याच जिल्ह्यातल्या नायगावची एक मुलगी पूर्वी पुण्याला गेली होती. १८४८ मध्ये तिथे मुलींच्या शाळेत शिकवायला लागली, तेव्हा लोकांनी तिच्या अंगावर शेणमाती टाकली. पुण्याचा रस्ता बाईला तेव्हाही सोपा नव्हता. सावित्रीबाई जादा लुगडे बरोबर नेत आणि शाळेत जाऊन बदलीत. त्या घरी बसल्या असत्या तर मी सातवीपर्यंतही शिकले नसते.

शेवटी मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपण पापड करतो, भिशी चालवतो, सहली काढतो. त्याबरोबर आणखी एक काम घ्यावे. आपल्यापैकी दोन-दोन जणींच्या पाळ्या लावाव्यात. आळीतल्या कुठल्याही बाईला, मुलीला ठाण्यात, दवाखान्यात किंवा वकिलाकडे जायचे झाले, तर त्या दोघींनी तिच्याबरोबर जायचे. तिने विचारण्याची वाट न पाहता जायचे. तिथे बोलायला आले नाही तरी चालेल, शेजारी बसले तरी पुरे. आणि "तू तिथे कशाला गेली होतीस?" हा प्रश्न आपल्या मंडळात कुणी कुणाला विचारायचा नाही. पहिल्या पाळीला माझे नाव लिहावे. दुसऱ्या नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे.

आणि कपाटात ठेवलेल्या त्या कागदांबद्दल त्या मुलीच्या आईला माझे एवढेच सांगणे आहे की पुढच्या वर्षी प्रवेश पुन्हा सुरू होतील. माझी मुलगी तिथे आहे, तिची खोली पाहायला आपण दोघी मिळून जाऊ. सकाळच्या एसटीने निघालो तर दिवेलागणीला परत येऊ.