लेकरांच्या हाती रंग



आज आम्ही लहान लेकरांच्या चित्रांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, चित्रं काढणं हे शहरातल्या लोकांचं काम. रंगाची पेटी, ब्रश, जाड कागद, हे आम्हाला कुठून परवडणार?" पण ऐका तर खरं. आम्ही सांगतो त्याला पैसा फारसा लागत नाही.

साक्षरतेच्या वर्गात तुम्ही पहिल्यांदा पेन्सिल धरलीत, तो दिवस आठवा. नांगर धरणारा हात, विळा चालवणारा हात. पण 'ग' काढताना बोटं कशी आखडली! पेन्सिल कशी मोडली! त्या बोटांना बारीक वळणाची सवयच नव्हती. अक्षर म्हणजे तरी काय? रेघ, गोल आणि वळण. दोन वर्षांचं मूल कोळशानं भिंतीवर रेघोट्या ओढतं, तेव्हा ते हीच तयारी करत असतं. आणि आपण काय करतो? पाठीत धपाटा घालतो. "भिंत घाण केलीस!"

असे दोन-चार धपाटे बसले की मूल रेघ ओढायचं सोडतं. पुढं पहिलीत येतं आणि कोरी पाटी घेऊन बसतं. अशी मुलं आम्ही शाळेत पुष्कळ पाहिली. "काढ रे काहीतरी," म्हटलं की, "गुरुजी, मला येत नाही." सहा वर्षांच्या लेकराला 'येत नाही' हे कोणी शिकवलं?

मग भिंतीचं काय करायचं? घरातली एक भिंत, नाहीतर ओट्याचा एक कोपरा, लेकराला देऊन टाका. "ही तुझी. बाकीच्या भिंती आईच्या." मुलाला हे बरोबर समजतं. मातीची भिंत असेल तर दिवाळीच्या आधी सारवली की पुन्हा कोरी. सिमेंटची असेल तर जुनी फळी उभी करा. लग्नसराईत घरात ढीगभर पत्रिका येतात. त्यांची पाठची बाजू कोरी असते. तिच्यासारखा कागद नाही.

आता रंग. हळद पाण्यात कालवली की पिवळा. गेरू घ्या, तांबडा झाला. चुलीतला विझलेला कोळसा कुटून फडक्यातून चाळला की काळा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की पांढरा, तो गेरूनं सारवलेल्या भागावर उठून दिसतो. आपल्या नगर जिल्ह्यात कांद्याला तोटा नाही. कांद्याची वरची साल उकळा, बदामी रंग उतरतो. फाल्गुनात पळस फुलतो, ती फुलं उकळली की केशरी पाणी. रंग कागदावर धरावा म्हणून त्यात थोडं डिंकाचं पाणी घाला. बाभळीचा डिंक रात्री भिजवा, सकाळी गाळा, झालं. कुंचल्याला निंबाची काडी घ्या आणि तिचं टोक दगडानं ठेचा. अगदी लहान मूल असेल तर कुंचलाही नको. बोटं आहेतच. भेंडी आडवी कापून रंगात बुडवा आणि ठसा उठवा. फूल उमटतं! लेकरू खूश होऊन सगळी भेंडी संपवील, तेवढं सांभाळा.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला तेलरंगाचा डबा मुलांच्या हाती देऊ नका. शेंदूरही नको. शेंदरात आणि जुन्या तेलरंगात पुष्कळदा शिसं असतं. मूल बोट तोंडात घालतं. शिसं थोडं थोडं पोटात गेलं तरी लेकराच्या मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं नसावं, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण माळ्यावरचा डबा कधीचा, कोण सांगणार? आणि भिंतीला लावायचा चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. तोही दूर ठेवा.

आपल्याकडचं हे ज्ञान नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. पुढं ते काम जवळच कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. महागडी खेळणी आणायला पैसा नव्हता. त्यांनी माती, बिया, पानं, शिंपले हेच साहित्य केलं. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं. त्याच भागातले वारली लोक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चित्रं काढतात. कुंचला म्हणजे बांबूची काडी. तिथल्या जिव्या सोमा म्हसे यांना अशा चित्रांसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली.

आता मोठ्यांचं वागणं. मुलाचा हात धरून चित्र काढू नका. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली घर असा कित्ता घालून देऊ नका. एकदा कित्ता दिला की मूल वर्षभर तेच डोंगर काढतं. आपल्या गावात डोंगर असो वा नसो! तीन-चार वर्षांचं मूल माणूस काढतं, त्याच्या डोक्यालाच पाय फुटलेले असतात. हसू नका. पोट कुठं गेलं, असं विचारू नका. त्या वयाची बहुतेक मुलं असाच माणूस काढतात. पोट आपोआप येतं. गाय निळी काढली तर निळी राहू द्या.

"हे काय काढलंस?" असंही दरडावून विचारू नये. "मला सांग बरं ह्याची गोष्ट," म्हणावं. मग बघा, लेकरू कसं बोलतं! "ही आजी. ही शेळी. शेळीनं आजीची भाकर खाल्ली." हेच ऐकायचं असतं. आता तुम्हाला लिहिता येतं. चित्राच्या खाली तिचं नाव लिहा, तारीख लिहा, आणि ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून काढा. अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालेल. मग ते तिला वाचून दाखवा.